दादरचं जुनं घर नव्यानं लावताना: पैसे कुठे लावाल?

हिंदू कॉलनीत किंवा शिवाजी पार्कच्या आसपास 1930-40च्या दशकांतल्या इमारतीत घर असणं हे भाग्यच. उंच छत, आरपार वारा, सागवानी दारं, मोझॅकची फरशी. पण मोरी एकीकडे, संडास दुसरीकडे, स्वयंपाकघर अंधारं आणि खोलीत जेमतेम एक प्लग. आजी-आजोबा, नोकरी करणारं जोडपं आणि शाळकरी मुलं एवढ्यांना हे पुरत नाही.

850 चौरस फुटांचं दोन बेडरूमचं घर धरू. इथले आकडे मध्यम दर्जाच्या कामाचे ढोबळ अंदाज आहेत. तीन ठेकेदारांकडून प्रत्येक कामाचा वेगळा दर लिहून घ्या आणि ताडून पाहा.

सगळ्यात आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला छत दाखवा. पोपडे निघालेत आणि आत गंजलेली सळई दिसतेय, तर वरून रंग मारणं म्हणजे पैसे पाण्यात. वरच्या घराच्या मोरीतून गळत असेल, तर दुरुस्ती तिथूनच सुरू झाली पाहिजे. भिंत पाडायचा विचार तर इंजिनीअरच्या लेखी होकाराशिवाय करूच नका.

वायरिंग पूर्ण बदला, अर्थिंगसकट: 2 ते 3 लाख. दोन एसी, गीझर, इंडक्शन येणार असतील तर बेस्टकडून भार वाढवून घ्यावा लागतो. मीटर खोलीतून वर येणारी केबल जुनी असेल, तर तो खर्च वेगळा.

पाण्याच्या नळांसह दोन न्हाणीघरं 5 ते 7 लाख. इथे हात आखडू नका. जुना कोबा काढून वॉटरप्रूफिंग झालं, की टाइल्स बसवण्याआधी निदान 48 तास पाणी तुंबवून ठेवा आणि खालच्या शेजाऱ्यांच्या छताला स्वतः हात लावून बघा. ओटा आणि स्वयंपाकघर 3 ते 4 लाख, गिलावा-रंग 2 ते 3 लाख.

आता फरशी. ठेकेदार हमखास सांगेल, ‘काढून टाकू, नवीन बसवू.’ ऐकू नका. तोडणं, राडारोडा उतरवणं, नवी टाइल आणि मजुरी धरून 2 ते 3 लाख जातात. जुन्या मोझॅकची घिसाई आणि पॉलिश 50 ते 85 हजारांत होतं. फुटलेल्या जागी तशीच खडी आणि सिमेंटचा रंग जुळवून देणारा कारागीर शोधा. ती फरशी नव्या टाइल्सपेक्षा जास्त टिकेल, हे मी ठामपणे सांगतो. सागवानी खिडक्यांचंही तेच: बिजागऱ्या, काचा, पॉलिश मिळून दीड ते अडीच लाख. ते लाकूड भंगारात देऊन अॅल्युमिनियम बसवणं हा निव्वळ तोटा.

बेरीज 14 ते 20 लाख. त्यावर 18 टक्के जीएसटी आणि अनपेक्षित कामांसाठी 15 टक्के राखून ठेवा. फर्निचर आणि एसी यात नाहीत.

परवानग्यांचं काम आधी उरका. सोसायटीचं पत्र, पागडीचं घर असेल तर मालकाची लेखी संमती. इमारत महापालिकेच्या वारसा यादीत आहे का, तेही पाहा. ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हचा आर्ट डेको परिसर तर 2018पासून जागतिक वारसा आहे. अशा ठिकाणी दर्शनी भागाला हात लावण्याआधी परवानगी हवी.

ठेकेदाराचे पैसे टप्प्याटप्प्यानं द्या आणि शेवटचे 10 टक्के पहिला पावसाळा कोरडा गेल्यावरच मिळतील, हे करारात लिहून घ्या.