उतरतें विमान आणि प्रतिकूल हवामान

विमानास अधिक धोका उंच आकाशांत, कीं जमिनीजवळ आल्यावर? पुष्कळांस पहिलें खरें वाटतें. विचार केल्यास दुसरें खरें ठरतें. उंचावरील विमानाजवळ वेग आणि उंची असे दोन ठेवे असतात. उतरतांना वैमानिकास हे दोन्ही खर्च करावे लागतात, आणि नेमका त्याच वेळीं वाऱ्यानें दगा दिला तर त्याच्या गांठीं कांहीं उरत नाहीं.

हें आपण गणितानें पाहूं. चार आसनांचें सेस्ना १७२ हें लहान विमान घ्या. उतरण्यापूर्वीं त्याचा हवेंतील वेग ताशीं सुमारें १२० किलोमीटर असतो. तो ९० च्या खालीं गेला कीं पंखांची उचल नाहींशी होऊन विमान खालीं पडूं लागतें. आतां समोरून ताशीं ३० किलोमीटर वेगानें येणारा वारा एकाएकीं थांबला असें समजा. पंखांवरून जाणाऱ्या हवेचा वेग तत्क्षणीं १२० चा ९० होतो! १,००० मीटर उंचीवर नाक खालीं करून वेग परत मिळवितां येईल. २० मीटरांवर तें कसें करावें?

गडगडाटी ढगांखालीं असे फसवे वारे विशेषेंकरून सांपडतात. ढगांतून थंड हवेचा लोट खालीं आदळतो व फरशीवर ओतलेल्या पाण्याप्रमाणें चहूंकडे पसरतो. त्यांत शिरणाऱ्या विमानास प्रथम समोरचा वारा लागून वेग वाढल्यासारखा दिसतो, म्हणून वैमानिक एंजिनाची शक्ति कमी करूं पाहतो. तोंच वारा पाठीमागून येऊं लागतो. १९७५ सालीं न्यूयॉर्क येथें उतरतांना कोसळलेल्या एका मोठ्या विमानाच्या अभ्यासावरून टेट्सुया फुजिता यांनीं हा प्रकार उकलून दाखविला. मोठ्या विमानाची जेथें ही गत, तेथें लहानाची काय कथा!

पाऊस दृष्टिहि हिरावून घेतो. १४ सप्टेंबर २०२३ रोजीं विशाखापट्टणमहून मुंबईस आलेलें लियरजेट ४५ जातीचें लहान विमान उतरतांना धांवपट्टी सोडून बाजूस गेलें. मुसळधार पाऊस पडत होता व दृश्यता अवघी ७०० मीटर होती. विमान मोडलें, सुदैवानें आंतील ८ हि जण वांचले.

पट्टी दिसेनाशी झाली, किंवा वेग डळमळूं लागला, कीं पूर्ण शक्ति लावून पुनः वर जाणें हाच उपाय. ऐकावयास सोपा, पण मुक्काम समोर असतां पाठ फिरविणें मनुष्यस्वभावास जड जातें. आमच्या मतें कित्येक अपघातांचें मूळ ढगांइतकेंच या ओढींत असतें. शिवाय परत फिरणाऱ्यास इंधन हवें. म्हणून अमेरिकेंत डोळ्यांनीं वाट पाहून उडणाऱ्या विमानांनीं, ठरल्या ठिकाणीं पोहोंचल्यावरहि दिवसा ३० व रात्रीं ४५ मिनिटें पुरेल इतकें इंधन घेऊनच निघावें, असा नियम आहे.