पावडर कमी केलीस का?

चि. बंड्यास,


काल ताईचा फोन आला होता. बोलता बोलता सहज म्हणाली, "केबलचं कंपाउंड ताण दिला की तुटतं, म्हणून बंड्या त्यातली पावडर कमी करणार आहे." तिला त्याचा अर्थ कळत नाही, मला कळतो. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. खरं आहे का हे?

ईव्हीए प्लॅस्टिकमध्ये ६० टक्के ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड कुणी हौसेने घालत नाही. ते तापलं की वजनाच्या जवळजवळ ३५ टक्के पाणी सोडतं आणि तेच आगीला थोपवतं. ६०चे ५० केलेस, की शंभर किलो मालातलं २१ किलो पाणी १७वर आलं. इलोंगेशनचा आकडा सुधारेल, पार्टी खूश होईल आणि ती केबल कुणाच्या तरी जिन्यातल्या डक्टमध्ये जाऊन बसेल. दिल्लीच्या 'उपहार' थिएटरच्या आगीत १९९७ साली ५९ माणसं गेली, बहुतेक धुराने गुदमरून. आपल्या धंद्यातल्या माणसाने हे विसरायचं नसतं.

अरे, त्या पावडरीचं पाण्याशी जमतं, प्लॅस्टिकशी नाही. दोघांत फट राहते आणि ताण आला की तिथूनच फाटतं. कपलिंग एजंट असतो कशासाठी? पावडरीच्या एक टक्क्याच्या आसपास अमिनो सिलेन घेऊन बघ, किंवा मॅलेइक ॲनहायड्राइड ग्राफ्ट केलेलं पॉलिइथिलीन थोडं घाल. पेरॉक्साइडबरोबर व्हिनाइल सिलेन वापरत असशील तर जपून. पकड फार घट्ट झाली तर ताकद वाढते, पण इलोंगेशन उलट पडतं. सिलेनचा कॅन कधी उघडलाय तेही बघ. पावसाळ्यात झाकण सैल राहिलं की हवेतली ओल धरून ते आपसातच जुळून बसतं, मग पावडरीला काय धरणार? आणि एक्स्ट्रूडर जास्त तापवू नकोस. माल २००च्या आसपास गेला की पाणी मशीनमध्येच सुटायला लागतं, स्ट्रँडला फोड येतात.

पण सिलेनने आग विझत नाही. पावडर आहे तेवढी ठेवून माल लवचिक राखता येतो, इतकंच त्याचं काम. म्हणून पुन्हा विचारतो, कमी केलीस का?

तुझ्या वयात मलाही प्रयोगशाळेतच राहायचं होतं. घरची ओढाताण होती, विक्रीत पगार जास्त, गेलो तिकडे. अजूनही टेन्साइल मशीनपाशी कुणी उभा दिसला की हेवा वाटतो. तुझा तर फारच.

जास्त बोललो असेन तर मनात ठेवू नकोस. ताईने अर्धवटही ऐकलं असेल. वरून डिस्पॅचची घाई होते, नव्या पोराला 'नाही' म्हणणं जड जातं, हे मला ठाऊक आहे. शनिवारी मी येतो, दोघं बसून ट्रायल लावू. 'नाही' म्हणण्यापायी नोकरी गेलीच, तर हे घर तुझंच आहे, मामीही तेच म्हणते. तोवर, पावडर कमी केलेली बॅच असलीच तर ती बाहेर जाऊ देऊ नकोस, आणि कितीही वाजले असले तरी मला फोन कर.

तुझा,
मामा