वाळवंटातील कारखान्याचे छप्पर

कोकणात शेड उभारताना आपण आधी पावसाचा विचार करतो. आखातात छपराचा खरा शत्रू ऊन आहे. रत्नागिरी-रायगडकडील आपले कित्येक बांधव शारजा, अजमानच्या औद्योगिक भागात फॅब्रिकेशन, सुतारकाम, गॅरेज असे व्यवसाय करतात. शेड भाड्याने असो वा स्वतःची, छपराची निवड चुकली तर कारागीर आजारी पडतात, माल खराब होतो आणि विजेचे बिल वाढत जाते. म्हणून या विषयावर काही लिहावे असे आम्हाला वाटले.

उन्हाळ्यात तेथील हवेचे तापमान ४५ अंशांवर जाते. गडद रंगाचा पत्रा दुपारी ७० अंशांपुढे तापतो. पुष्कळांचा समज असा की चकचकीत पत्रा घेतला म्हणजे काम भागले. तो ऊन परतवतो हे खरे, पण जी उष्णता शोषतो ती लवकर बाहेर टाकीत नाही. पांढरा रंग दिलेला पत्रा दोन्ही कामे करतो. रंगातही फरक आहे. साधा पॉलिएस्टर रंग स्वस्त पडतो, पण कडक उन्हात लवकर फिका पडून खडूसारखा सुटू लागतो. पीव्हीडीएफ रंग महाग, परंतु पुष्कळ वर्षे टिकतो. शेड दहा वर्षे चालवायची असेल तर येथे काटकसर करू नये.

केवळ पत्र्याने मात्र भागत नाही. आत उष्णतारोधक थर हवाच. दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले पॅनेल हलके असते व उष्णता चांगली अडवते. पण जेथे वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात किंवा लाकडाचा भुसा साचतो तेथे आम्ही रॉकवूलचे पॅनेल सुचवू, कारण ते जळत नाही. १०० मि.मी. जाडीत फोमचे वजन दर चौरस मीटरला साधारण ४ किलो, तर रॉकवूलचे १० किलो भरते. तेव्हा खालच्या कैच्या व पर्लिन तेवढा भार पेलतील काय, हे इंजिनिअरकडून तपासून घ्यावे. विक्रेत्याच्या तोंडी हमीवर न जाता आगीच्या चाचणीचा दाखला मागावा.

आता स्क्रूकडे वळू. आमच्या अनुभवात निम्म्या तक्रारी येथूनच निघतात. हिवाळ्यातील पहाटे १५ अंश आणि उन्हाळ्यातील दुपारी ७० अंश, एवढ्या फरकात १२ मीटर लांबीचा पोलादी पत्रा सुमारे ८ मि.मी. वाढतो, अॅल्युमिनियमचा जवळजवळ १५ मि.मी. पत्रा दोन्ही टोकांना आवळून टाकला तर तो स्क्रूचे भोकच रुंद करतो. एक टोक पक्के ठेवून बाकी ठिकाणी सरकण्यास वाव द्यावा. रबरी वायसर ईपीडीएमचाच घ्यावा. हलका रबर उन्हात तडकतो. भोके पाडताना पडलेला लोखंडी कीस त्याच दिवशी झाडून काढावा, नाहीतर पहिल्याच दवात गंजाचे डाग उमटतात.

किनाऱ्याजवळ दव पुष्कळ पडते. खारी धूळ आणि दव मिळून पत्रा कुरतडतात. शिवाय धुळीने पांढरे छप्पर मळले की ते ऊन परतवीत नाही. वर्षातून दोनदा, त्यातील एकदा उन्हाळ्यापूर्वी, साध्या पाण्याने व मऊ ब्रशने छप्पर धुवावे. तारेचा ब्रश वापरू नये. एसीच्या तांब्याच्या नळ्यांवरून ओघळणारे पाणी पत्र्यावर पडू देऊ नये, विशेषतः अॅल्युमिनियमवर. त्याने भोके पडतात.

पाऊस क्वचितच येतो म्हणून पन्हळी वाळूने भरलेल्या राहतात. १६ एप्रिल २०२४ रोजी अल ऐनजवळ एका ठिकाणी २४ तासांच्या आत २५४ मि.मी. पाऊस झाला, तेव्हा अनेकांच्या गोदामांत पाणी शिरले. सप्टेंबरअखेर पन्हळी उपसून वाट मोकळी करावी.

छपरावरील सर्व काम पहाटे करावे, पाय पर्लिनच्या रेषेवरच ठेवावा व कमरेला पट्टा बांधावा. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२.३० ते ३ उघड्या उन्हात कामगारांकडून काम करून घेण्यास बंदी आहे. ठेकेदार घाई करीत असला तरी मालकाने हे वेळापत्रक आधीच त्याच्याकडून लिहून घ्यावे.