पदराची गाठ

बाळा, परवा तू चाकणच्या गाडीत बसशील. ठेकेदाराचा माणूस स्टँडवर न्यायला येणार, असं सांगितलंस. पगाराचा आकडाही सांगितलास. मी विचारलं, "हातात किती आणि कागदावर किती?" तेव्हा तू गप्प झालास. म्हणून हे लिहून देतोय. मी 31 वर्षं दुसऱ्यांच्या हजेऱ्या लिहिल्या. मजुराचा पैसा कुठून कुठून गळतो, ते मी जवळून पाहिलंय.

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. सुगीत ती आपल्या मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी काढायला जायची. मजुरी पेंढ्यांवर. वीस पेंढ्या झाल्या की ती पदराच्या टोकाला एक गाठ मारायची. संध्याकाळी मालकाचा माणूस म्हणायचा, "म्हातारे, सात विसा भरल्या." आजी भांडायची नाही, पदर पुढे धरायची. आठ गाठी. तो आठ लिहायचा.

तूही तेच कर. खिशात मावेल अशी वही घे. तारीख, पाळी, गेटातून आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, ओव्हरटाइमचे तास. त्याच रात्री लिही, कितीही डोळे मिटत असले तरी. महिन्याभराचं एकदम आठवून लिहिलेलं कुणी मानत नाही आणि मानूही नये. ओव्हरटाइमला कायद्याने दुप्पट दर आहे. साध्या दराने हातावर ठेवला तर निम्मा पैसा तिथंच गेला.

नेमणूकपत्र मागून घे. 21 नोव्हेंबर 2025 पासून कामगारांच्या नव्या संहिता लागू झाल्या, त्यांत प्रत्येक कामगाराला ते द्यायचं आहे. त्यावर नाव कुणाचं, ठेकेदाराचं की कंपनीचं, ते नीट वाच. गेटपासचा फोटो काढून ठेव. उद्या ठेकेदार पगार बुडवून पळाला तर ज्या कंपनीत तू राबलास तिच्यावर तो देण्याची जबाबदारी येते. पण तू तिथं राबलास, हे दाखवता आलं पाहिजे.

आता जे सांगतो ते माझं मलाच जड जातं. मी जिथं हजेरी लिहायचो तिथं रेव्हेन्यू स्टँप लावलेल्या कोऱ्या व्हाउचरवर आधी अंगठे घेत, आकडा मागाहून भरत. शाईचा पॅड माझ्या टेबलावर असायचा. दर 11 महिन्यांनी माणसाला 'ब्रेक' देत आणि आठवड्याने पुन्हा नवा म्हणून घेत. एक बाई 9 वर्षं तिथं झाडलोट करत होती. तिला काढलं तेव्हा कागदावर तिची नोकरी 4 महिन्यांची निघाली. सलग 5 वर्षांची नोकरी दिसली असती तर दर वर्षाला 15 दिवसांच्या पगाराप्रमाणे ग्रॅच्युइटी मिळाली असती. तिने माझ्याकडे पाहिलं. खरी हजेरी मला पाठ होती, तरी मी मान खाली घातली. घरात तीन पोरं होती, नोकरीची भीती होती. पण तिची नजर अजून जात नाही. म्हणून बजावतो, कोऱ्या कागदावर सही नाही, आणि तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर तर मुळीच नाही. कितीही घाई केली तरी "वाचून करतो" म्हण.

पीएफचं थोडक्यात. 12 टक्के तुझ्या पगारातून, तेवढेच मालकाच्या खिशातून. काही ठेकेदार दोन्ही हिस्से कामगाराच्याच पगारातून कापतात. तो अन्याय आहे आणि बेकायदाही आहे. यूएएन नंबर पहिल्याच महिन्यात घे आणि दर महिन्याला पासबुक उघडून बघ. स्लिपवर कपात आणि पासबुकात काहीच नाही, असं दिसलं की त्याच दिवशी विचार.

आपल्या गावात दामाजीपंतांचं नाव घेऊन दिवस उगवतो. दुष्काळात त्यांनी बादशहाचं कोठार भुकेल्यांना खुलं केलं. त्यामुळे देणाऱ्या हाताबद्दल आपल्या मनात फार माया असते. मालक दिवाळीला मिठाईचा पुडा देतो, लग्नाला उचल देतो, म्हणून आपली माणसं म्हणतात, "देवमाणूस आहे, हिशेब काय मागायचा?" मिठाई घे, नमस्कार कर. पण बोनस किमान 8.33 टक्के आहे, तो पुड्यात बसत नाही. भुकेल्याला दिलं ते दान. तुझ्या घामाचा पैसा हा दान नव्हे. आणि उचल घेतलीस तर किती घेतली, किती फिटली, हे दोघांच्या सहीने लिहून घे. तुझा चुलता ऊसतोडीला जायचा. एका कोयत्याची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीची, उचल तीन हंगाम फिटली नाही, कारण खाडे मुकादमाच्या वहीत होते आणि आपल्याकडे वहीच नव्हती.

आणखी एक गोष्ट आपल्याच गावची. कुसाबाहेर राहणाऱ्यांना इथं गावकूस बांधायला लावलं होतं. 1338 साली ती भिंत कोसळली. चोखोबा तिच्याखाली गेले, बरोबरचे मजूरही गेले. नामदेवांनी येऊन चोखोबांच्या अस्थी पंढरीला नेल्या, महाद्वारासमोर समाधी केली. बाकीच्या मजुरांची नावं आज कुणाला ठाऊक नाहीत. म्हणून सांगतो, कामावर बोट जरी चिरलं तरी त्याच दिवशी रजिस्टरला नोंद करून घे. दवाखान्यात "घरी पडलो म्हणून सांग" असं कुणी शिकवलं तर ऐकू नकोस. डॉक्टरच्या कागदावर 'कामावर असताना' हे शब्द आले पाहिजेत.

साहेबाशी वाद घालायची वेळ येईल. रागात जाऊ नकोस, एकटाही जाऊ नकोस. एकट्याला उद्धट ठरवून बाहेर काढणं सोपं असतं. ऊसतोड कामगारांनी कोयता बंद ठेवला तेव्हा जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला. एका जोडप्याने मागून तो वाढला नसता. चार जण मिळून अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. थकलेल्या मजुरीचा दावा 3 वर्षांच्या आत करता येतो. काम सोडलंस किंवा सोडायला लावलं तर दोन कामाच्या दिवसांत राहिलेला पगार द्यायचा असतो, हेही त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

वही मी आणलीय, पिशवीत वरच ठेवलीय. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत व्हायला हवा. पहिली स्लिप हातात आली की तिचा फोटो मला पाठव. मी 7 तारखेपर्यंत वाट बघेन आणि 8 तारखेला तुला फोन करीन.