एकच घ्यायची तर थर्टी-ऑट-सिक्स

दुकानातल्या त्या पोराने तुला तीन रायफली दाखवल्या आणि तिन्ही ‘परफेक्ट’ म्हणाला, याचं मला काही नवल वाटलं नाही गं. त्या वयात जे नवं ते चांगलं असतं. तू विचारलंस म्हणून आडवळण न घेता सांगते. एकच रायफल घ्यायची असेल, कपाटात पलटण उभी करायची नसेल, आणि दर हिवाळ्यात फ्रीजर भरण्यापुरतीच शिकार करायची असेल, तर थर्टी-ऑट-सिक्स घे. लिहिताना .३०-०६. काउंटरवर ‘थर्टी-झिरो-सिक्स’ म्हणू नकोस, लगेच समोरचा बाळबोध शिकवणी सुरू करतो.

आधी कागदपत्रांचं. तुझं ग्रीन कार्ड हातात आलंय म्हणून मी हे सगळं बोलतेय. तुझी ती एच-वन-बीवरची मैत्रीण सोबत येते म्हणाली ना, तिला सांग की व्हिसावर असताना बंदूक जवळ बाळगायला इथल्या केंद्रीय कायद्याची मनाई आहे. शिकारीचा चालू परवाना असेल तर अपवाद आहे, पण तो आपल्या आपण लावून घेऊ नये, वकिलाला विचारावं. आणि विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र लागतं. तू त्यात आलीसच. तो कोर्स उरकायचा म्हणून उरकू नकोस, नीट कर. आपल्या घरात बंदूक कुणी पाहिलेली नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे शिकार हा विषयच मिटला. इथल्या मुलांना बंदूक कशी धरायची हे न्याहारीच्या टेबलावर कळतं, ते आपल्याला वर्गात बसून शिकायला लागतं, आणि त्यात कसली लाज?

आता हे काडतूस इतकं जुनं असून मी त्याच्या मागे का लागलेय, ते ऐक. अमेरिकन लष्कराने १९०३ साली .३० व्यासाचं एक काडतूस घेतलं होतं, बोथट नाकाच्या २२० ग्रेनच्या जड गोळीचं. तेवढ्यात जर्मनांनी हलकी, टोकदार आणि वेगवान गोळी आणली, आणि यांचं काडतूस एका रात्रीत म्हातारं झालं. मग १९०६ साली यांनीही १५० ग्रेनची टोकदार गोळी बसवली, काडतुसाची मान थोडी आखूड केली, आणि नावात ते साल राहिलं. दोन्ही महायुद्धं त्यावर लढली गेली. थिओडोर रूझवेल्ट राष्ट्राध्यक्षपद सोडून १९०९मध्ये आफ्रिकेत गेले, तेव्हा लष्कराचीच स्प्रिंगफील्ड रायफल आपल्या मापाचा दस्ता लावून घेऊन गेले होते. पण मला लढाया आणि राष्ट्राध्यक्ष यांच्यापेक्षा पुढचं महत्त्वाचं वाटतं. लाखो माणसं हेच काडतूस हाताळून घरी परतली, लष्कराच्या जुन्या रायफली स्वस्तात विकायला निघाल्या, आणि गावोगावच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे-मोळ्यांच्या शेजारी याचे डबे आले. ते अजून तिथेच आहेत. आमच्या माँटॅनात पेट्रोल पंपाला लागून असलेल्या दुकानातसुद्धा एखादा डबा सापडतो. विमानात सामान हरवलं किंवा गोळ्या घरी विसरल्या तर याची किंमत कळते.

गोळीच्या वजनाचं तुला डोक्यात बसत नाही म्हणालीस. अगं, आपल्याला ते इथल्या लोकांपेक्षा सोपं जायला हवं! इंग्रजांनी आपला तोळा ठरवला तोच मुळी १८० ग्रेनचा. म्हणजे १८० ग्रेनची गोळी बरोबर एक तोळा. मासा पंधरा ग्रेनचा, तेव्हा १५० ग्रेन म्हणजे दहा मासे आणि १६५ म्हणजे अकरा. आजीच्या पाटल्यांचा हिशोब येत असेल तर हा येतो. थर्टी-ऑट-सिक्सचा खरा गुण इथेच आहे. त्यात सात-आठ माशांच्या हलक्या गोळीपासून २२० ग्रेनच्या जड गोळीपर्यंत सगळं बसतं, आणि रायफल तीच राहते. तुमच्याकडच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाला १५० किंवा १६५ पुरे. दीडशेची गोळी नळीतून साधारण २,९०० फूट दर सेकंदाने सुटते, १८०ची २,७०० फुटांनी. विस्कॉन्सिनच्या झाडीत तुला शंभर यार्डांच्या पलीकडचं हरीण क्वचितच दिसेल, तेव्हा तिथे हे जरुरीपेक्षा जास्तच आहे, मान्य. पण तू कधीतरी इथे एल्कला येणारच. परराज्यातल्यांना परवान्याची सोडत असते, नंबर लागायला वेळ जातो, तरी येशील. एल्कचा नर तीनशे किलोच्या वर भरतो. तेव्हा नवी रायफल घ्यायची नाही, फक्त एक तोळ्याचा डबा घ्यायचा आणि दुर्बीण पुन्हा जुळवायची. वजन बदललं की गोळी लागण्याची जागा बदलते, हे मात्र विसरायचं नाही.

‘मग .३०८ का नाही?’ असं तुझा नवरा निखिल विचारेल. विचारू दे. १९५०च्या दशकात लष्कर थर्टी-ऑट-सिक्स सोडून ज्या आखूड काडतुसाकडे वळलं, त्याचाच हा नागरी भाऊ. गोळीचा व्यास तोच, पितळ ६३ मिलिमीटरऐवजी ५१चं. दीडशेच्या गोळीत दोघांच्या वेगात शंभर फुटांचा फरक, आणि तो हरणाला कळत नाही. जड गोळ्यांत मात्र मोठ्या पितळेतली जास्त दारू कामाला येते. .२७० तर याचीच लेक, याच काडतुसाची मान अरुंद करून १९२५मध्ये काढलेली. सपाट जाते, गोड आहे, पण भारी गोळी तिच्यात नाही. त्या पोराचं लाडकं सिक्स-पॉइंट-फाइव्ह क्रीडमूर २००७चं. ते वाईट नाही हं, लांबच्या निशाणाला तर फार छान. पण त्यात गोळी साधारण १५० ग्रेनच्या आसपासच थांबते, आणि एल्कसमोर, तेही हा पहिलाच हंगाम असताना, मला पदरात थोडं जास्त असलेलं आवडतं.

आता खोट सांगते, कारण दुकानात ती कुणी सांगणार नाही. ही मारते. आठ पौंडांच्या रायफलीत १८० ग्रेनच्या काडतुसाचा धक्का ढोबळमानाने वीस फूट-पौंड, क्रीडमूरचा बारा-तेरा. मॅग्नम काडतुसं पंचविशीच्या वर जातात, त्यांच्या वाटेला तू जाऊच नकोस. वीस हा आकडा बहुतेकांना सोसतो, पण रायफल अंगाला बसत असेल तरच. इथे बायकांची फसगत होते. ‘तुम्हाला हलकी बरी’ असं म्हणून साडेपाच-सहा पौंडांची रायफल हातात देतात. उचलायला हलकी आणि खांद्याला राक्षसीण! धक्का खाऊन टाकायला वजनच लागतं. दुर्बीण धरून आठ पौंडांच्या आसपासची घे, डोंगर चढताना कुरकुरशील, पण रेंजच्या टेबलावर दुवा देशील.

दुसरं म्हणजे दस्ता. बाजारातले दस्ते साडेतेरा-पावणेचौदा इंच लांबीचे, मध्यम उंचीच्या पुरुषाच्या मापाचे. तुला मला ते लांब पडतात. मग मान पुढे ताणायची, दस्ता खांद्याच्या खळग्याऐवजी दंडावर टेकवायचा, आणि दंड आठवडाभर काळानिळा. बंदूक दुरुस्त करणारा कारागीर दस्ता इंचभर कापून मागे जाड रबर बसवून देतो. काही नव्या रायफलींत मागचे तुकडे काढता-घालता येतात, ते पाहून घे. दुर्बिणीच्या मागच्या काचेपासून डोळा साडेतीन इंच तरी लांब हवा. तितका नसला की ती कड भुवईवर बसते. रेंजवर भुवईच्या वर अर्धचंद्राचा व्रण असलेले पुरुष दिसले की समजून जायचं.

आणि सुरुवातच मोठ्या काडतुसाने करू नकोस. .२२वर शंभर-दोनशे गोळ्या उडव, तिथे हात आणि चाप यांची ओळख होते. मग याच रायफलीत कमी धक्क्याची, १२५ ग्रेनची काडतुसं मिळतात ती. त्यांनी हरीणही पडतं, अंतर फार नसलं तर. कानात बोळे घाल आणि वरून इअरमफ. निम्मी भीती आवाजाची असते, धक्क्याची नाही. निखिलला सांग, किंवा रेंजवरच्या कुणाला, की तुझ्या नकळत मधेच एखादं नकली काडतूस भरून दे. चाप ओढल्यावर आवाज झाला नाही आणि तरी नळी खाली गेली, तर तू दचकतेस. हे कळल्याशिवाय नेम सुधारत नाही, आणि हे कुणीही कबूल करत नाही, विशेषतः निखिल.

इतकं करूनही खांदा नाही म्हणाला, तर खुशाल .३०८ किंवा क्रीडमूर घे. माझं ऐकायचं म्हणून सोसत बसू नकोस. .२७०चा डंका आयुष्यभर वाजवणारे लेखक जॅक ओ’कॉनर, त्यांची बायको एलिनॉर नवऱ्याच्या तोडीस तोड शिकारी. तिने बहुतेक शिकार ७ मिलिमीटरच्या जुन्या, मवाळ माउझरवर केली आणि थर्टी-ऑट-सिक्स मोठ्या जनावरांसाठी राखून ठेवली. जनावर पडतं ते गोळी फुप्फुसातून गेली म्हणून. खांद्याच्या मागे, छातीच्या खालच्या एक-तृतीयांश भागात, एवढंच लक्षात ठेव. हरणाची ती जागा साधारण आठ इंचांची. शंभर यार्डांवर दोन इंच वर लागेल अशी दुर्बीण जुळवलीस, तर दोनशेवर गोळी नेमकी लागते. त्यापुढे तू मारायचंच नाहीस.

मांस छोट्या ओवीलाही खायला घालणार आहेस, म्हणून हे जरा लक्ष देऊन वाच. शिशाची गोळी आत फुटते आणि तिचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब उडतात, क्ष-किरणात दिसतात, डोळ्यांना दिसत नाहीत. खिम्यात तर हमखास मिसळतात. तू निव्वळ तांब्याची गोळी घे, १५० किंवा १६५च्या आसपासची. ती फुलते पण फुटत नाही. डबा महाग पडतो, पण वर्षाला लागतात किती? दोन डबे. थर्टी-ऑट-सिक्समध्ये तांब्याच्या गोळ्या सहज मिळतात, हा आणखी एक फायदा. तरी जखमेभोवतीचं लाल-काळं मांस हात न आखडता कापून टाक. आणि तुमच्या राज्यात २००२पासून हरणांत मेंदूचा एक रोग सापडतोय, तेव्हा डोकं वनखात्याकडे तपासणीला दे. तपासणी फुकट असते. निकाल येईपर्यंत कुकर लावू नकोस, निखिलने कितीही घाई केली तरी.

काडतूस हातात आलं की आधी उलटं करून बूड बघ. पितळेवर गोलाकार कोरलेलं असतं, ३०-०६ एसपीआरजी. मधली टोपी चकचकीत आणि न दबलेली हवी. नळीवर कोरलेलं नाव आणि हे नाव जुळलं तरच भरायचं. .३०८चं बूड याच्याच मापाचं, गोळी त्याच जाडीची. ते चुकून या नळीत शिरतं, उडतंही, आणि आत पितळ फाटतं. म्हणून रेंजवर दुसऱ्या कुणाचा डबा आपल्या टेबलावर येऊ द्यायचा नाही, कितीही प्रेमाने दिला तरी.

तुमचा बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो, नऊ दिवसांचा. गोळ्या ऑगस्टमध्येच घे, एकाच लॉटचे चार डबे, म्हणजे दोन वर्षांची बेगमी. नोव्हेंबरात फळ्या रिकाम्या होतात आणि मग लोक मिळेल ते घेऊन दुर्बिणीला शिव्या देतात. सेकंडहँड मिळाली तरी चालेल. या काडतुसाच्या जुन्या रायफली भरपूर आहेत आणि बऱ्याच जणी कपाटातच म्हाताऱ्या झालेल्या. बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे बघायचं, आतले आटे धारदार दिसले आणि गंज नसला की पुरे, दस्त्यावरच्या ओरखड्यांकडे बघू नकोस.

आईला मी सांगेन, तू बोलू नकोस. आणि शनिवारी दुकानात जाशील तेव्हा उन्हाळा असला तरी तो जाड थंडीचा कोट बरोबर ने. लोक हसतील. पण दस्त्याची लांबी कोट घालूनच मापायची, कारण नोव्हेंबरात तो त्या कोटावरूनच खांद्याला लागणार आहे.