शेवटची शू कधी झाली?

सप्टेंबर सरत आला की साताऱ्यातल्या आमच्या दवाखान्यात सोमवार जड जातो. शनिवार-रविवारी कासच्या पठारावर, ठोसेघरला नाहीतर सज्जनगडावर जाऊन आलेली तरुण जोडपी मुलांना खांद्यावर टाकून सकाळीच हजर होतात. दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत हे असंच चालतं. कुणाला उलट्या, कुणाला ताप, कुणाच्या पायावर गांधी. स्टेथोस्कोप कानाला लावण्याआधी मी सगळ्यांना एक प्रश्न विचारते, ‘शेवटची शू कधी झाली?’

बाबा आईकडे बघतात. आई छताकडे.

मागच्या वर्षी अशीच एक चार वर्षांची मुलगी आली. पोटात दुखतंय, दोन उलट्या, ओठ सुकलेले. खांद्याला गुलाबी बाटली, टोपणाला हत्तीची सोंड. मी ती उचलून बघितली तर गच्च भरलेली. ‘कालचीच आहे, ओतायची राहिली,’ आई म्हणाली. घरून भरून नेलेलं पाणी यवतेश्वरचा घाट चढलं, फुलं बघून आलं आणि जसंच्या तसं घरी परतलं होतं. शू सकाळी सातला घरी झालेली, त्यानंतर थेट रात्री आठला. तीही थोडीशी, गडद पिवळी आणि रडत रडत. ‘आणि मधे?’ आई ओशाळली. ‘मॅडम, वाटेत एका हॉटेलात नेलं होतं, पण आतली घाण बघून ती मागेच फिरली. मीसुद्धा दिवसभर घोटभर पाण्यावरच होते.’

दुखण्याचं मूळ त्या शेवटच्या वाक्यात होतं. आपल्याकडच्या बायका प्रवासाला निघताना पाणी तोडतात. स्वच्छ जागा मिळेल की नाही, या धास्तीपायी लागलेली ही सवय. कॉलेजात असताना एसटीच्या प्रवासात मीही तेच करायचे. लेक हे न सांगता शिकते. पाणी कमी, त्यात लघवी तुंबवलेली, आणि मुलींचा मूत्रमार्ग आखूड असल्यामुळे जंतूंना मूत्राशयापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. तिच्या लघवीत इन्फेक्शन निघालं. औषधाने ती बरी झाली, पण तो रविवार आणि पुढचा आठवडा दोन्ही वाया गेले.

म्हणून यंदा सुट्टीच्या तोंडावर हा लेख. सहल आखताना आपण किलोमीटर मोजतो, हॉटेल शोधतो, फुलांचा बहर विचारतो. माझं म्हणणं एवढंच की कार्यक्रम घरातल्या सर्वांत लहान माणसाच्या पाण्यावर, पोटावर आणि झोपेवर बेतावा. बाकीचे त्यात आपोआप बसतात.

ऊन आणि पाणी

शरद ऋतू ही वैद्यांची आई, असं जुने लोक चेष्टेने म्हणत. या दिवसांत रोगी भरपूर. पाऊस माघारी गेलेला असतो, आभाळ मोकळं होतं आणि ऊन थेट अंगावर येतं. जमीन मात्र अजून ओली, त्यामुळे हवेत दमटपणा राहतो आणि घाम लवकर सुकत नाही. हीच आपली ‘ऑक्टोबर हीट’. कासवर तर कातळावर मातीचा पातळ थर, त्यामुळे मोठी झाडं कमी आणि सावलीही तशीच. पठार सुमारे १२०० मीटर उंचीवर. वारा गार लागतो, म्हणून ऊन जाणवत नाही, पण लागायचं ते लागतंच.

लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याची त्वचा जास्त असते, त्यामुळे अंगातलं पाणी मोठ्यांपेक्षा भराभर जातं. त्यात खेळात रमलेलं मूल तहान विसरतं. ‘पाणी हवंय का?’ असं विचारलंत तर उत्तर ‘नको’ हेच येणार. विचारू नका, हातात द्या. चालताना, खेळताना दर वीस-पंचवीस मिनिटांनी चार-पाच घोट, आणि मुलाच्या देखत तुम्हीही प्या. सहा महिन्यांच्या आतल्या, अंगावर पिणाऱ्या बाळाला मात्र उन्हातही वरचं पाणी लागत नाही. त्याला जास्त वेळा पाजा.

जागेपणी तीन-चार तासांत एकदा शू झाली आणि तिचा रंग फिकट पिवळा असला, तर पाणी पुरेसं आहे. सहा तास उलटले तर थांबून पाजायला लागा. आठ तास झाले, मूल मलूल आहे, रडताना डोळ्यांत पाणी नाही, तर डॉक्टर गाठा. निघण्याआधी घरी एकदा आणि वाटेत जिथे बरी जागा दिसेल तिथे, ‘लागली नसली तरी’ मुलांना नेऊन आणा. डिकीत जुनं पॉटी-सीट, एक पाण्याची बाटली आणि साबण ठेवलात की निम्मी चिंता मिटते.

घाटातली उलटी

दोन वर्षांखालच्या मुलांना गाडी सहसा लागत नाही. त्रास पुढे वाढतो आणि साधारण सहा ते बारा या वयात सर्वांत जास्त असतो. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो, आपण वळतोय. मोबाइलवर खिळलेले डोळे सांगतात, आपण स्थिर आहोत. या भांडणात पोट ढवळतं. म्हणून घाट सुरू झाला की मोबाइल आणि चित्रांचं पुस्तक आत. नजर समोर, लांबवर. काच थोडी खाली. निघताना तेलकट, भरपेट नको. तसंच उपाशीही नको. भाकरीचा किंवा पोळीचा तुकडा, केळं, असं हलकं चालतं. उलटीचं औषध दुकानातून आपल्या मनाने आणू नका; त्यातली काही दोन वर्षांखालच्या मुलांना द्यायचीच नसतात.

मूल मागच्या सीटवर, त्याच्या मापाच्या कार-सीटमध्ये असावं. पुढे आईच्या मांडीवर बसवणं प्रेमाचं दिसतं, पण धक्का बसला तर एअरबॅग त्या मुलावरच फुटते. स्कूटरवर तर चार वर्षांखालच्या मुलाला हेल्मेट आणि चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा नियमानेच लागतो, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. स्कूटरच्या पुढे उभं राहून आरशात तोंड बघणारं मूल गोड दिसतं, पण जखम झाल्यावर आम्ही ते बघतो.

उलटी-जुलाब झालेच तर

पिशवीत दोन गोष्टी असू द्या: ओआरएसची पुडी आणि एक लिटरचं माप. अख्खी पुडी एक लिटर पाण्यात, एकाच वेळी. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकली की मिठाचं प्रमाण बिघडतं. केलेलं पाणी २४ तासांत संपवा, उरलं तर टाका. प्रत्येक पातळ शौचानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, मोठ्याला १०० ते २०० मिली. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग चमच्या-चमच्याने सुरू करा. ग्लास तोंडाला लावलात की पुन्हा बाहेर.

मीठ-साखरेच्या या साध्या पाण्याने बांगलादेश युद्धाच्या वेळी, १९७१ साली, बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलराचे असंख्य रोगी वाचले. डॉ. दिलीप महलानबीस यांनी सलाइनच्या बाटल्या अपुऱ्या पडल्यावर तिथे पिंपांतून हे पाणी पाजलं. तेव्हा ओआरएस म्हणून गोड फळांच्या चवीचं डबाबंद पेय घेऊ नका. त्यातली जादा साखर जुलाब वाढवते. अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे ना, ते बघून घ्या.

जुलाब असतील तर झिंकचं औषध चौदा दिवस चालतं. तीन दिवसांत मूल बरं दिसलं म्हणून थांबवू नका.

सहलीनंतरचा ताप

घरी परतल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप आला की सगळे ‘दगदग झाली’ म्हणतात. होतही असेल. पण हे डेंग्यूचे दिवस. त्याचा डास दिवसाढवळ्या चावतो आणि सहलीच्या गावापेक्षा तुमच्या गच्चीवरच्या कुंडीखालच्या ताटलीत जास्त सुखाने वाढतो. तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे: दर किलोला जास्तीत जास्त १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर. बाटलीवरची ताकद वाचा. कुठे ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असतं, कुठे २५०. ‘मागच्या वेळी एक चमचा दिला होता’ हा हिशेब चुकवतो. डेंग्यूची शंका असेपर्यंत आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नको. रक्तस्रावाचा धोका वाढतो.

डेंग्यूमध्ये ताप उतरला की आई-बाप हुश्श करतात, आणि नेमका तोच काळ जपायचा असतो. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, नाका-हिरड्यांतून रक्त, हातपाय गार, मूल गुंगीत, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी निघा. आणि हो, इथेही तोच प्रश्न. शू कमी होत चालली, तर दवाखाना.

गवतात बसून-लोळून आलेल्या मुलाला ताप आला, तर त्याचे सगळे कपडे काढून अंग नीट बघा: काख, जांघ, कानामागे, पोटाच्या वळीत. सिगारेटचा चटका बसल्यासारखी, न दुखणारी काळी खपली दिसली तर डॉक्टरांना आवर्जून दाखवा. स्क्रब टायफसचा बारीक कीटक तिथे चावलेला असतो. २०१८ साली विदर्भात याची मोठी साथ आली होती. वेळेत कळला तर साध्या अँटिबायोटिकने बरा होतो. न कळता राहिला तर जिवावर बेततो. म्हणून पठारावर पूर्ण बाह्यांचे कपडे, मोजे-बूट, आणि घरी आल्या आल्या अंघोळ.

विंचू आणि शेंगदाणा

दोन गोष्टींत माझा प्रश्न उपयोगाचा नाही, कारण तिथे मिनिटं मोजायची असतात.

पहिली विंचवाची. लाल विंचवाचं विष मुलांच्या हृदयावर जातं. घाम, उलट्या, गार हातपाय दिसले की मंत्र, झाडपाला यांत वेळ न घालवता १०८ ला फोन. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, त्यानंतर कोकणात विंचूदंशाचे मृत्यू पुष्कळ कमी झाले. पण औषध मिळायला मूल दवाखान्यात पोहोचावं लागतं. साप चावला तरी तेच: घट्ट आवळपट्टी नको, चिरा नको, विष ओढणं नको. हात किंवा पाय न हलवता, मुलाला न चालवता, थेट लस असलेल्या रुग्णालयात. मुक्कामी सकाळी बूट झटकून घाला.

दुसरी शेंगांची. भुईमूग नुकता निघालेला असतो, उकडलेल्या शेंगांचा वास घाटभर दरवळतो. चार-पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा दाणा देऊ नका, आणि धावताना, हसताना, गाडीत तर नाहीच. कोजागिरीच्या मसाला दुधातले काजू-बदामही त्याच्या पेल्यापुरते बारीक कुटा. खाता खाता एकदम जोराचा ठसका लागला आणि पुढे खोकला थांबेना किंवा छातीत एका बाजूने शिट्टी वाजू लागली, तर दाणा श्वासनळीत गेल्याचं धरून चाला. घशात अडकून श्वासच बंद झाला, तर वर्षाखालच्या बाळाला पालथं धरून पाठीवर पाच थाप आणि मग उताणं करून छातीवर पाच दाब. मोठ्या मुलाला पाठीवर पाच थाप, मग पोटावर वरच्या दिशेने पाच दाब. तोंडात अंदाजाने बोट घालू नका, दाणा आणखी आत जातो.

अंगणातली सहल

सगळ्यांना कासला जाता येत नाही, आणि जायलाच हवं असंही नाही. दिवाळीचा किल्ला करणारं मूल दोन तास उजेडात असतं, उकिडवं बसतं, माती मळतं, पाणी वाहतं, भावंडाशी बुरुजावरून भांडतं. उघड्यावरचा उजेड डोळ्यांच्या वाढीसाठी चांगला. चष्म्याचा नंबर लांबवायला त्याची मदत होते. माती लागेल म्हणून ओरडू नका. नखं कापलेली असू द्या, धनुर्वाताची लस वेळेवर झालेली असू द्या, आणि खाण्याआधी साबणाने हात. किल्ल्यावर अळीव पेरायचं काम सर्वांत धाकट्याला द्या. रोज सकाळी उगवलंय का बघायला ते तुमच्याआधी उठेल.

फटाक्यांचं थोडक्यात: विझलेल्या फुलबाजीची तारही चटका देते, ती पाण्याच्या बादलीत टाका. भाजलं तर वीस मिनिटं नळाच्या साध्या पाण्याखाली. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको.

त्या गुलाबी बाटलीवाल्या मुलीची आई परवा तिला पाचव्या वर्षाच्या बूस्टरसाठी घेऊन आली. रविवारी पुन्हा कासला जाऊन आले होते. या वेळी दुपारची झोप चुकू नये म्हणून पहाटे निघाले आणि दहा-साडेदहाला परत फिरले. ‘सीतेची आसवं’ या इवल्याशा निळ्या फुलांचं रोपटं कीटक खातं, हे ऐकून मुलगी त्या फुलांसमोर बराच वेळ बसून होती, एखादा किडा सापडतो का ते बघत. मी सुई भरत होते, प्रश्न अजून विचारलेला नव्हता. ती आईच्या मांडीवरूनच म्हणाली, ‘डॉक्टरमावशी, तीनदा झाली. आणि आईची दोनदा.’

बाटलीवरची हत्तीची सोंड चावून चावून चपटी झाली होती. आत पाणी तळाला.