वूफरच्या आधी मायक्रोफोन

घरी स्पीकर बांधायचे ठरले की माणूस पहिल्यांदा ड्रायव्हर शोधायला लागतो. डेन्मार्कचे स्कॅन-स्पीक, नॉर्वेचे सीअस, इंडोनेशियात बनणारे एसबी अकूस्टिक्स ही नावे डोक्यात घोळू लागतात. शंकू कागदी घ्यावा की ॲल्युमिनियमचा, यावर तासन्‌तास बोलणे होते आणि हाताशी असलेला बहुतेक पैसा तिथेच संपतो. उरलेल्या पैशात खोके, आणि त्यातून काही शिल्लक राहिलेच तर क्रॉसओव्हर. लोकांनी हौसेने बांधलेले पण मनासारखे न वाजणारे स्पीकर मी पुण्यात बरीच वर्षे उघडून बघत आलो आहे. जवळपास प्रत्येक जोडीत ड्रायव्हर चांगलेच निघाले. बिघाड असे तो वूफरने आवाज ट्वीटरच्या हवाली करायच्या जागी. ही जागा तुमच्या खोक्यात, तुमच्याच ड्रायव्हरवर मोजल्याशिवाय जुळत नाही.

एका जोडीबद्दल सविस्तर सांगतो, कारण तिच्यात बहुतेक सगळे धडे एकत्र सापडले. आमच्या भागातल्या एका तबलाशिक्षकांनी ती शिकवणीच्या खोलीसाठी करून घेतली होती. साडेसहा इंची वूफर, एक इंची रेशमी घुमटाचा ट्वीटर, दोन्ही नावाजलेले. खोकी १८ मिमी मरीन प्लायची, वर सागवानी व्हिनियर. सुताराचे काम इतके नेटके की सांधा शोधावा लागे. क्रॉसओव्हर मात्र बाजारात मिळणारा तयार बोर्ड, ८ ओहम आणि ३००० हर्ट्‌झ असे छापलेला. त्यांची तक्रार नेमकी होती. "अहो, बायाँ गेला कुठे? आणि चाट एवढी कानाला का टोचते?"

आधी बायाँबद्दल. ड्रायव्हर बनवणारी कंपनी जो आलेख देते तो मोठ्या सपाट फळीवर बसवून काढलेला असतो. तुमच्या खोक्याचे तोंड फार तर २१ सेंमी रुंद. वरचे सूर या तोंडावरून समोर फेकले जातात, पण लांब लहरींचे खालचे सूर खोक्याला वळसा घालून मागेही पसरतात आणि समोर बसलेल्याला तेवढे कमी ऐकू येतात. ११५ ला तोंडाच्या मीटरमधल्या रुंदीने भागले की हा बदल साधारण कुठे होतो ते कळते. २१ सेंमीला सुमारे ५५० हर्ट्‌झ. त्याच्या खाली हळूहळू ६ डेसिबलपर्यंत आवाज उतरतो. तयार बोर्डाला तुमच्या खोक्याची रुंदी माहीत नसते. म्हणून बायाँची घुमक हरवली होती. ती परत आणायला वूफरच्या मार्गातली ०.६ मिलिहेन्रीची कॉइल काढून दोन मिलिहेन्रीच्या आसपासची बसवावी लागली आणि ट्वीटर रोध लावून खाली आणावा लागला. याची किंमत संवेदनशीलतेत मोजावी लागते: ८७ डेसिबलचा वूफर असला तरी तयार स्पीकर ८३-८४ वर येतो. ही घट मान्य करूनच ॲम्प्लिफायर निवडा.

चाटेचे कारण वेगळे होते. क्रॉसओव्हरची तयार सूत्रे ड्रायव्हरला ८ ओहमचा साधा रोध समजतात. तसा ड्रायव्हर जगात नाही. मीटर लावला तर ८ ओहमचा वूफर साडेपाच-सहा ओहम दाखवतो, अनुनादाच्या जागी तोच तीस-चाळीसवर चढतो, आणि ३००० हर्ट्‌झपाशी व्हॉइस कॉइलच्या इंडक्टन्समुळे बारा-पंधरापर्यंत जाऊ शकतो. ज्या फिल्टरला पुढे ८ ओहमची अपेक्षा आहे त्याला बारा मिळाले की तो गळती सुरू करण्याआधी उंचवटा काढतो. हा उंचवटा नेमका कान सर्वांत तिखट असतात त्या पट्ट्यात आला होता. वूफरला समांतर रोध-कपॅसिटरची जोडी, म्हणजे झोबेल, लावल्यावर तो बसला.

पण ३००० हा आकडाच या ड्रायव्हरांना चुकीचा होता. साडेसहा इंची वूफरचा हलणारा भाग साधारण १३ सेंमी व्यासाचा. २६५० हर्ट्‌झला लहरीची लांबीही तेवढीच होते आणि त्या सुमारास वूफर आवाज झोताने फेकू लागतो. समोर ठीक, बाजूला पोकळी. शिवाय वूफर आणि ट्वीटरच्या मध्यांमधले अंतर १४ सेंमी होते आणि ३००० हर्ट्‌झची लहर साडेअकरा सेंमीची. त्यामुळे कान थोडे वर-खाली झाले तरी दोघांचा मेळ मोडत होता. ट्वीटरचा अनुनाद ७०० हर्ट्‌झच्या खाली होता, म्हणून बदलीची जागा २२०० वर आणता आली; तिथे लहर साडेपंधरा सेंमीची आहे. ट्वीटर त्याच्या अनुनादाच्या दुपटीखाली उतरवू नका, आणि तिपटीच्या आसपास राहता आले तर फारच चांगले.

उतार किती ठेवायचा? सीगफ्रीड लिंक्विट्‌झ आणि रस रायली हे ह्यूलेट-पॅकार्डमधले अभियंते. लिंक्विट्‌झ यांचा शोधनिबंध १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातली रचना आज जगभर दोघांच्या नावाने चालते: दर सप्तकाला २४ डेसिबलचा उतार, बदलीच्या जागी दोन्ही ड्रायव्हर ६ डेसिबल खाली आणि एकाच फेजमध्ये. मी घरगुती टू-वे साठी शक्यतो हीच धरतो. मात्र हा उतार ऐकू येणाऱ्या आवाजाचा हवा. ड्रायव्हर स्वतःही उतरत असतो, त्यामुळे पुष्कळदा दोनतीन भागांच्या फिल्टरमध्येच काम होते.

आता मोजणी. कॅलिब्रेशन फाइल असलेला यूएसबी मायक्रोफोन घ्या. रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट मिळते, क्रॉसओव्हर रचायला व्हिट्युइक्सकॅडही. स्पीकर जमीन आणि छताच्या बरोबर मधोमध ठेवा, मायक्रोफोन ट्वीटरच्या उंचीवर, एक मीटरवर. २.८ मीटर उंचीच्या खोलीत छतावरून उलटलेला आवाज सुमारे पावणेसहा मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. त्याच्या आधीचाच तुकडा कापून घेतला की खोली बाजूला पडते, पण १७५ हर्ट्‌झच्या खालचे काही भरवशाचे राहत नाही. तिथे मायक्रोफोन शंकूच्या अगदी जवळ, काही मिलिमीटरवर नेऊन वेगळे मोजायचे आणि दोन्ही जोडायचे. गच्ची असेल तर शांत पहाटे उंच स्टुलावर काम आणखी सोपे होते. वूफर एकटा, ट्वीटर एकटा, मग दोन्ही एकत्र अशी तीन मोजमापे मायक्रोफोन तसूभरही न हलवता घ्या. तिसऱ्यावरून दोघांच्या आवाजाचा उगम किती मागेपुढे आहे ते सॉफ्टवेअरला सांगता येते. ट्वीटर उघडा मोजताना मार्गात २०-३० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घाला, नाहीतर एका चुकीच्या आवाजात त्याची कॉइल जळते.

क्रॉसओव्हर जुळला की नाही हे बघण्याची एक परीक्षा माझ्या फार आवडीची आहे. ट्वीटरच्या तारा उलट्या जोडा आणि पुन्हा मोजा. बदलीच्या जागी खोल, दोन्ही बाजूंना सारखी दरी पडली तर फेज जुळली आहे. दरी उथळ किंवा तिरकी असेल तर काम बाकी आहे. कानाची परीक्षा तानपुऱ्यावर घ्या. त्याचा सूर अखंड असतो आणि जवारीतले वरचे स्वरांश वूफरच्या हद्दीतून थेट ट्वीटरच्या हद्दीत जातात. ध्वनिमुद्रण लावून बसा, उभे राहा, खोलीत फिरा. जवारीचा रंग उभे राहताच बदलत असेल तर दोष बदलीच्या जागेत आहे, मग ड्रायव्हर कितीही महाग असोत.

ज्यांना हे पटत नाही त्यांना मी बीबीसीचा एलएस३/५ए दाखवतो. १९७० च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांत मावावा म्हणून बीबीसीच्या अभियंत्यांनी तो रचला. खोके सुमारे ५ लिटरचे, भिंती १२ मिमी बर्च प्लायच्या आणि आतून कंपन शोषणाऱ्या थराच्या. ड्रायव्हर केईएफ कंपनीचे नेहमीच्या उत्पादनातले बी११० आणि टी२७. कष्ट गेले ते क्रॉसओव्हरवर आणि ट्वीटरभोवतीच्या फेल्टच्या चौकटीपर्यंतच्या बारकाव्यांवर. पन्नास वर्षांनीही लोक तो शोधत फिरतात.

खोक्याबद्दल थोडक्यात. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात जे गणित बसवून दिले त्याने आकारमान काढता येते. उदाहरणार्थ क्यूटीएस ०.४० आणि व्हीएएस २० लिटर असलेल्या वूफरला बंद खोके साडेनऊ लिटरच्या जवळ लागते. हे निव्वळ आतले माप आहे. चुंबक, आडव्या पट्ट्या आणि क्रॉसओव्हरची जागा त्यात मिळवा. कागदावरचे आकडे प्रत्यक्ष ड्रायव्हरशी तंतोतंत जुळतातच असे नाही, म्हणून खोके कापण्याआधी तेही मोजा. एमडीएफ कापायला सोपे आणि स्वस्त, पण मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात त्याच्या उघड्या कडा फुगतात आणि ड्रायव्हर दोनचारदा काढून बसवला की स्क्रूची पकड सुटते. कडा आधी सीलरने बंद करा आणि स्क्रूऐवजी टी-नट व बोल्ट वापरा. तबलाशिक्षकांच्या सुताराने टी-नट न सांगता बसवले होते आणि त्यामुळेच मला वूफर बिनधास्त पुन्हापुन्हा काढता आला.

महागड्या कपॅसिटरांच्या नादी लागू नका. ट्वीटरच्या मार्गात चांगला पॉलिप्रोपिलीन पुरेसा आहे. त्यापेक्षा दोन कॉइल एकमेकींपासून लांब आणि काटकोनात बसवल्या आहेत ना, हे बघा. शेजारी-शेजारी ठेवल्या तर एकीचे चुंबकीय क्षेत्र दुसरीत शिरते आणि मोजून आखलेला आलेख बिघडतो. जोडणी पूर्ण झाल्यावर ॲम्प्लिफायर लावण्याआधी इम्पीडन्सचा आलेख काढा. कुठे ३ ओहमच्या खाली जात असेल तर तसाच लावू नका.

स्पीकर कुठे उभे राहणार हे मात्र अगदी सुरुवातीला ठरवा. आपल्या घरांत ते बहुधा भिंतीलगत, शोकेसच्या कप्प्यात जातात. भिंत खालच्या सुरांना आधार देते, त्यामुळे तिथे ६ डेसिबलची पूर्ण भरपाई केली तर आवाज गदगद होतो, ३-४ पुरते. तबलाशिक्षकांची खोली लांबट होती, स्पीकर स्टँडवर भिंतीपासून हातभर पुढे, म्हणून तिथे जास्त भरपाई चालली. शेवटचा अर्धा-एक डेसिबल ट्वीटरच्या रोधात ठरतो आणि तो नेहमीच्या गाण्यांवर, निवांत, एका वेळी एकच भाग बदलून ऐकावा लागतो. तोवर क्रॉसओव्हर खोक्याबाहेर, फळीवरच राहू द्या.